परदेशातील छत्री

वैशाखात अक्षय्य तृतीया आली म्हणजे वऱ्हाडातील घरोघरी मातीची नवी घागर पाण्याने भरून ठेवतात. तिची पूजा होते, पितरांसाठी नैवेद्य वाढला जातो आणि वडीलधारी माणसे घरातील गेलेल्या मंडळींची नावे घेतात. ज्या पणजोबांना घरातील मुलांनी कधी पाहिले नाही, त्यांचे नाव त्या दिवशी मुलांच्या कानी पडते. भर उन्हाळ्यात पितरांना पाणी मिळावे, अशी त्यामागची भावना आहे. माणूस गेला तरी त्याचे नाव घरात राहावे, हा त्या घागरीचा खरा अर्थ होय.

रणांगणावर पडलेल्या वीरांसाठी तर आपल्या पूर्वजांनी दगडही बोलके केले. महाराष्ट्रात कित्येक गावांच्या वेशीवर अथवा जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ उभे असलेले दिसतात. वीरगळाच्या खालच्या चौकटीत लढाई कोरलेली असते. तिच्या वर, त्या वीराला अप्सरा स्वर्गात नेत आहेत, असे चित्र असते. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करीत असतो आणि माथ्यावर चंद्र व सूर्य असतात. आकाशात चंद्रसूर्य आहेत तोवर या वीराची कीर्ती राहील, असे तो मुका दगड सांगत असतो.

परंतु जो शिपाई गावापासून हजारो मैल दूर, समुद्रापलीकडे पडला, त्याचा वीरगळ कोणी उभारावा? जेथे त्याची भाषा कोणाला कळत नाही आणि त्याच्या नात्याचे कोणी नाही, तेथे त्याचे नाव कोणी घ्यावे? या प्रश्नाचे एक उत्तर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन या गावाजवळ, एका हिरव्या टेकडीच्या उतारावर उभे आहे.

सन १९१४ मध्ये युरोपात पहिले महायुद्ध पेटले. त्या वेळी भारतावर इंग्रजांचे राज्य होते. त्यामुळे भारतीय पलटणींना त्या युद्धात उतरावे लागले. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस भारतीय सैनिकांची पहिली जहाजे फ्रान्समधील मार्सेय बंदराला लागली. कडक उन्हाची सवय असलेले हे शिपाई थोड्याच दिवसांत पाऊस, चिखल आणि बर्फ यांनी भरलेल्या खंदकांत उभे राहिले. त्यांच्यात पंजाबचे शीख व मुसलमान होते, गढवालचे डोंगरी लोक होते, नेपाळचे गुरखे होते. पुण्याजवळील खडकीच्या छावणीतून गेलेले मुंबई सॅपर्सचे जवानही होते. खंदक खणणे, पूल बांधणे, सुरुंग लावणे हे सॅपर्सचे काम. पण २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव्ह शापेल या खेड्यावरील हल्ल्यात त्यांना पायदळासारखे लढावे लागले आणि त्यांची मोठी हानी झाली.

जखमी शिपायांना उपचारांसाठी समुद्रपार इंग्लंडमध्ये नेण्यात येई. ब्रायटन येथे इंग्लंडच्या एका राजाने बांधलेला घुमटांचा व मनोऱ्यांचा एक राजवाडा आहे. बाहेरून तो भारतातील एखाद्या महालासारखा दिसतो. डिसेंबर १९१४ मध्ये त्या राजवाड्याचे रुग्णालय झाले. राजवाड्यातील दालनांत ओळीने खाटा मांडल्या गेल्या. निरनिराळ्या धर्मांच्या व जातींच्या शिपायांना आपापल्या रीतीचे अन्न मिळावे म्हणून तेथे नऊ स्वयंपाकघरे उघडण्यात आली. हिंदू व मुसलमान यांच्यासाठी पाण्याचे नळ वेगळे ठेवले गेले. पाट्या उर्दू, हिंदी व गुरुमुखी लिपींत लिहिल्या गेल्या. ब्रायटनमधील अशा निरनिराळ्या रुग्णालयांत मिळून सुमारे १२ हजार भारतीय जखमींवर उपचार झाले.

त्यांतील बहुतेक बरे झाले. काहींना मात्र मृत्यूने गाठले. मुसलमान शिपायांचे देह लंडनजवळील वोकिंग येथे नेऊन, तेथील मशिदीपासून जवळच दफन करण्यात येत. हिंदू व शीख शिपायांसाठी पॅचम या खेड्याजवळच्या टेकडीवर दहनाची जागा करण्यात आली. तेथे सिमेंटचे ओटे बांधले गेले. त्या ओट्यांवर ५३ शिपायांच्या चिता पेटल्या. त्यांच्याच पलटणींतील व धर्मांतील माणसे शेवटचे विधी करीत. नंतर रक्षा समुद्रात सोडली जाई. घरची माणसे त्या वेळी हजारो मैलांवर, आपला मुलगा बरा होऊन परत येईल या आशेने वाट पाहत होती.

सन १९१५ च्या अखेरीस भारतीय पायदळ फ्रान्समधून हलविण्यात आले. पुढे ब्रायटनची भारतीय रुग्णालये बंद झाली. टेकडी पुन्हा निर्मनुष्य झाली. येथे एखादे स्मारक असावे, ही कल्पना मांडणारा गृहस्थ भारतीयच होता. रुग्णालयात काम करणाऱ्या दासगुप्ता नावाच्या भारतीय डॉक्टराने ती ब्रायटनच्या नगराध्यक्षांपुढे ठेवली. स्मारकाची रचना ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या वास्तुशिल्पज्ञाने केली. भारतात थोर पुरुषांच्या दहनभूमीवर जशी छत्री बांधतात, तशीच ही छत्री आहे. आठ खांबांवर एक घुमट आणि समोर, जुन्या ओट्यांच्या जागी, काळ्या पाषाणाच्या तीन शिळा. १ फेब्रुवारी १९२१ रोजी इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते तिचे अनावरण झाले. आपल्या बोलीतील ‘छत्री’ हा शब्दच तिचे नाव म्हणून इंग्रजीत रूढ झाला.

छत्री उभी राहिली, पण छत्री बांधली म्हणजे स्मरण टिकलेच असे नाही. घागर दरवर्षी नव्याने भरावी लागते, तसेच स्मरणाचेही आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती टेकडी लष्कराच्या ताब्यात गेली आणि बंदुकीच्या गोळ्यांच्या खुणा छत्रीच्या अंगावर उमटल्या. युद्धानंतर तिची डागडुजी झाली. १९५१ पासून इंग्लंडमधील माजी सैनिकांच्या संघटनेने दरवर्षी तेथे श्रद्धांजलीचा कार्यक्रम सुरू केला. तो जवळजवळ पन्नास वर्षे चालला. परंतु महायुद्धातील वृद्ध सैनिक एकेक करून निघून गेले आणि १९९९ नंतर त्या संघटनेने हा कार्यक्रम थांबविला.

आता ती टेकडी पुन्हा निर्मनुष्य होणार, असे वाटत होते. त्या वेळी तेथे राहणारे एक भारतीय शिक्षक पुढे आले. ते धर्माने शीख होते. त्या ५३ शिपायांपैकी कोणी त्यांचा नातलग होता म्हणून त्यांनी हे काम घेतले नाही. त्यांनी इतकाच विचार केला की, या शिपायांचे आप्त दूर आहेत आणि आपण जवळ आहोत. तेव्हा हे काम आपले आहे. सन २००० पासून त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी हा कार्यक्रम आपल्या हाती घेतला.

तेव्हापासून दरवर्षी जून महिन्यातील एका रविवारी लोक त्या टेकडीवर जमतात. मोटार थेट छत्रीपर्यंत जात नाही. शेतांमधील पाऊलवाटेने चढावे लागते. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेली भारतीय कुटुंबे येतात. त्यांच्याबरोबर इंग्रज शेजारी येतात, माजी सैनिक येतात, शाळकरी मुले येतात. प्रार्थना होतात, पुष्पचक्रे वाहिली जातात. बिगुलावर अखेरच्या निरोपाची धून वाजते. मग सारे जण स्तब्ध उभे राहतात. त्या स्तब्धतेत टेकडीवरच्या वाऱ्याचा आवाज तेवढा ऐकू येतो.

तरीही एक उणीव राहिली होती. छत्रीच्या जागी त्या शिपायांची नावे कोठेही नव्हती. सर्व भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ छत्री उभारल्याचे तिच्यावरील लेखात म्हटले होते. पण त्या ओट्यांवर कोणाकोणाचे देह अग्नीच्या स्वाधीन झाले, हे पाहणाऱ्याला कळत नव्हते. अखेर सप्टेंबर २०१० मध्ये छत्रीच्या जवळ एक दगडी भिंत उभी राहिली आणि तिच्यावर त्या ५३ शिपायांची नावे कोरण्यात आली. नाव मिळण्यासाठी त्यांना सुमारे ९५ वर्षे वाट पाहावी लागली!

नाव कोरणे ही किरकोळ गोष्ट आहे, असे कोणाला वाटेल. ते तसे नाही, हे समजण्यासाठी इराककडे पाहिले पाहिजे. पहिल्या महायुद्धात तेथेही भारतीय सैन्य लढले. तेथे गेलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या. तैग्रिस नदीच्या काठी कुत येथे त्या सैन्याला तुर्कांनी वेढले. डिसेंबर १९१५ मध्ये सुरू झालेला वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला. उपासमारीने खंगलेले हजारो सैनिक कैदी झाले आणि त्यांतील कित्येक पुन्हा परतले नाहीत. इराकमध्ये पडलेल्या व समाधी नसलेल्या ४० हजारांहून अधिक सैनिकांसाठी १९२९ मध्ये बसरा येथे एक स्मारक उभारण्यात आले. त्यावर इंग्रज सैनिकांची नावे कोरली गेली, भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. सामान्य भारतीय शिपायांसाठी मात्र पलटणीच्या नावापुढे फक्त आकडा लिहिला गेला. या पलटणीचे इतके, त्या पलटणीचे इतके!

आकड्याला आई नसते, गाव नसते. मुलाचे नाव दगडावर पाहून जी माता डोळे पुसते, ती आकड्याकडे पाहून काय समजेल? युद्धात पडलेल्यांच्या समाध्या सांभाळणाऱ्या ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या आयोगाने २०२१ मध्ये या प्रश्नाची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला. आशिया व आफ्रिका या खंडांतील एक लाखाहून कितीतरी अधिक सैनिकांना नावानिशी स्मारक मिळाले नाही, हे त्यात मान्य करण्यात आले आणि आयोगाने त्याबद्दल क्षमा मागितली. सारे शिपाई एकाच युद्धात, एकाच सेनेत लढत होते. असे असता काहींची नावे राहिली आणि काहींचे आकडे झाले. हा अन्याय कळण्यास शंभर वर्षे लागली.

येथे एक शंका मनात येणे साहजिक आहे. हे शिपाई लढले ते इंग्रजांच्या साम्राज्यासाठी. त्याच साम्राज्याने भारताला पारतंत्र्यात ठेवले होते. मग त्यांचे स्मरण भारतीयांनी का करावे? शंका योग्य आहे. तिचे उत्तर शोधताना परदेशातील भारतीयांनी पाळलेल्या आणखी दोन स्मरणांकडे पाहणे उपयोगी पडेल.

त्यांतील पहिले लंडनमधील आहे. १० मे १९०८ रोजी लंडनच्या हायगेट भागातील ‘इंडिया हाउस’ या घरात भारतीय विद्यार्थी एकत्र जमले. १८५७ च्या स्वातंत्र्ययुद्धातील वीरांना श्रद्धांजली वाहण्यासाठी विनायक दामोदर सावरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो समारंभ योजिला होता. ज्या वीरांना इंग्रज सरकार बंडखोर म्हणत होते, त्यांचे स्मरण त्याच सरकारच्या राजधानीत झाले. त्या स्मरणाचे बिल्ले विद्यार्थ्यांनी छातीवर लावले. एका शेतकी महाविद्यालयात शिकणाऱ्या हरनामसिंग व खान या दोघा विद्यार्थ्यांना ते बिल्ले काढण्यास सांगण्यात आले. एक शीख, दुसरा मुसलमान. दोघांनीही महाविद्यालय सोडले, बिल्ला मात्र काढला नाही. त्याच वर्षी पुढे लोकमान्य टिळकांच्या शिक्षेविरुद्ध अपील करण्यासाठी अमरावतीचे दादासाहेब खापर्डे लंडनला गेले आणि १९१० पर्यंत तेथे राहिले. अमरावतीच्या या पुढाऱ्याला लंडनमध्ये भेटलेली भारतीय तरुणांची पिढी ही अशी होती.

दुसरे स्मरण सिंगापूरचे. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या आझाद हिंद सेनेत युद्धकैदी झालेले भारतीय सैनिक होते, त्याचप्रमाणे मलाया व सिंगापूर येथे पोटासाठी गेलेले मळ्यांतील मजूर व व्यापारीही होते. त्या सेनेतील अज्ञात वीराच्या स्मारकाची कोनशिला ८ जुलै १९४५ रोजी नेताजींनी समुद्रकाठी बसविली. काही आठवड्यांतच इंग्रज सैन्य परत आले आणि त्याने ते स्मारक सुरुंग लावून उडविले. दगड फुटला, पण आठवण फुटली नाही. पन्नास वर्षांनी, १९९५ मध्ये, सिंगापूरच्या शासकीय वारसा मंडळाने ती जागा ऐतिहासिक म्हणून घोषित केली आणि तेथील भारतीयांनी दिलेल्या वर्गणीतून त्याच ठिकाणी नवे स्मारक उभे राहिले.

तीन ठिकाणचे शिपाई तीन प्रकारचे होते. १८५७ चे वीर व आझाद हिंद सेनेचे जवान साम्राज्याविरुद्ध लढले. ब्रायटनचे शिपाई साम्राज्याच्या सेनेत लढले. पहिल्या दोघांचे ध्येय आपण आदराने आठवतो. तिसऱ्याच्या बाबतीत साम्राज्याचा गौरव करण्याचे कारण नाही. तो घर सोडून गेला, खाल्ल्या मिठाला जागला, सोबत्यांना सोडून पळाला नाही आणि आईच्या दृष्टीआड मेला. एवढे त्याचे ऋण पुरेसे आहे. युद्ध कोणाचे व कशासाठी होते, हा प्रश्न इतिहासाने अवश्य विचारावा. परंतु पडलेल्याचे नाव घेण्यासाठी त्या उत्तराची वाट पाहू नये.

ब्रायटनच्या टेकडीवरून आता पुन्हा वऱ्हाडाकडे वळावयाचे आहे. कारण परक्या भूमीवर पडलेले शिपाई केवळ इंग्लंडमध्येच आहेत असे नाही. अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्यात अडगाव आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी तेथे नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याची इंग्रजांशी मोठी लढाई झाली. त्यानंतर १५ डिसेंबरला, आजच्या अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याजवळचा गाविलगड इंग्रजांनी जिंकला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता धारातीर्थी पडला. गडाच्या तटाशी व अडगावच्या काळ्या मातीत मराठे पडले, भोसल्यांच्या पदरी असलेले परमुलखातील शिपाई पडले. इंग्रजांच्या बाजूने लढणारे मद्रासकडचे शिपाई पडले. सात समुद्रांपलीकडच्या स्कॉटलंडमधून आलेले तरुणही पडले. सेनापतींची नावे इतिहासात आली; सामान्य शिपायांची आली नाहीत. त्या स्कॉटिश तरुणांच्या माताही दाराशी वाट पाहत बसल्या असतील.

ब्रायटनच्या त्या शिक्षकाने जो विचार केला, तोच वऱ्हाडातील मुलामुलींनाही करता येईल. गावातील वीरगळावरचा शेंदूर व धूळ हळुवार झाडून तो कोणाचा आहे, हे वृद्धांना विचारता येईल. गावच्या स्मारकावर हुतात्मा जवानाचे नाव असेल, तर ते वर्षातून एकदा तरी मोठ्याने वाचता येईल. गाविलगडावर सहलीला गेल्यावर दरवाजाशी क्षणभर स्तब्ध उभे राहता येईल. त्यासाठी नाते लागत नाही, पैसाही लागत नाही. ज्याचे घर दूर राहिले, त्याची आठवण जवळच्याने करावी, एवढी साधी समज लागते.

इंग्लंडमधील त्या टेकडीवर येत्या जूनमध्ये पुन्हा लोक जमतील. ५३ नावांच्या त्या भिंतीपुढे फुले ठेवली जातील. त्या शिपायांच्या गावांत कदाचित त्यांना कोणी ओळखत नसेल. परंतु समुद्रापलीकडे, त्यांची घागर कोणीतरी भरून ठेवीत आहे.

अभ्यास

१. वऱ्हाडातील अक्षय्य तृतीयेची घागर आणि ब्रायटनची छत्री यांत लेखकाने कोणते साम्य दाखविले आहे?
२. ब्रायटनच्या रुग्णालयात भारतीय जखमींसाठी कोणकोणत्या सोयी केल्या होत्या?
३. सन २००० पासून छत्रीजवळच्या कार्यक्रमाची जबाबदारी कोणी घेतली? त्यामागे कोणता विचार होता?
४. ‘आकड्याला आई नसते, गाव नसते,’ या वाक्याचा अर्थ बसरा येथील स्मारकाच्या आधारे स्पष्ट करा.
५. परक्या साम्राज्याच्या सेनेत लढलेल्या शिपायांचे स्मरण करावे काय? तुमचे मत कारणांसह दहा ओळींत लिहा.
६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : धारातीर्थी पडणे, मिठाला जागणे, अग्नीच्या स्वाधीन होणे, दृष्टीआड होणे.
७. तुमच्या गावातील किंवा जवळच्या गावातील वीरगळ अथवा हुतात्मा स्मारक पाहून या, त्यावरील नावे उतरून घ्या आणि वडीलधाऱ्यांकडून मिळालेली माहिती वहीत लिहा.